राबणाऱ्या हातांचा हिशेब चित्राशेजारी लावा

प्रति,
अन्न, माती आणि शेती या विषयांवर प्रदर्शनं भरवणारी कलादालनं, कला महोत्सवांचे आयोजक आणि क्युरेटर मंडळी,
मुंबई, पुणे, पणजी आणि इतरत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत तुम्ही अन्नाकडे वळलात, याचा मला मनापासून आनंद आहे. मी पालघर जिल्ह्यात मुलांना चित्रकला शिकवते आणि घरी भातशेती आहे. त्यामुळे या दोन गोष्टी एका छताखाली आल्याचं कळलं की पाय आपोआप तिकडे वळतात. पूर्वी शेत दालनात यायचं ते निसर्गदृश्य होऊन. हिरवे पट्टे, मागे निळे डोंगर आणि मधोमध डोक्यावर भारा घेतलेली बाई, तीही चित्राला कुठेतरी लाल लुगडं हवं म्हणून. आता तुम्ही बियाणं मांडता, मातीचे थर काचेत भरून दाखवता, कणग्या आणि सुपं छताला टांगता, चुलीवरची भाकरी येणाऱ्याच्या हातात देता. पणजीला डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी महोत्सवात पाककला हा नाट्य-संगीताच्या पंगतीला बसणारा विभाग आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हा आमच्या नाचणी-वरीला कधी नव्हे तो मान मिळाला. हे सगळं व्हायलाच हवं होतं.

तरीही अशा प्रदर्शनातून घरी येताना एक गोष्ट मला दर वेळी खटकते, ती आज तुमच्यापुढे ठेवते. तिथे माती दिसते, बी दिसतं, हात दिसतात. हातांची छायाचित्रं तर फार सुंदर असतात. पण ते हात कुणाचे, त्या दिवशी किती तास राबले, आणि संध्याकाळी त्यांच्यावर काय पडलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. एका दालनात मी पाहिलं, चित्राखालच्या पाटीवर कागदाची जात होती, छपाईची पद्धत होती, छायाचित्रकाराचं आणि प्रायोजकाचं नाव होतं. ज्या बाईच्या चिखलाने माखलेल्या हातांवर ती अख्खी भिंत उभी होती, तिच्यासाठी ‘स्थानिक शेतकरी महिला’ एवढेच तीन शब्द. माझं सगळं म्हणणं त्या पाटीबद्दल आहे.

भाताचंच घेऊ, कारण त्यातलं मला कळतं. वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे त्याला झिणी म्हणतात. बारीक दाणा, पचायला हलका, शिजल्यावर मोकळा. शहरातल्या ताटात तो येतो तेव्हा त्याच्यामागे जवळजवळ पुरं वर्ष गेलेलं असतं. थंडी सरता सरता राबाची तयारी सुरू होते. झाडांचे टहाळे तोडायचे, शेण, पालापाचोळा, गवत आणि वर बारीक माती असे थर द्यायचे आणि उन्हाळ्यात ते भाजायचे. मृग लागला की त्या भाजलेल्या जागेत पेरणी. तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या, खाचरात वाहून न्यायच्या. मग चिखलणी आणि लावणी. लावणी म्हणजे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ओणवं राहणं, गुडघाभर चिखलात, एकेक पाऊल मागे सरकत. पाऊस पाठीवर. इरली आता फारशी उरली नाहीत, बायका मेणकापड बांधतात आणि ते वाऱ्याने उडतं. (तुमच्या भिंतीवर टांगलेलं इरलं हस्तकलेचा नमुना म्हणून देखणं आहे, यात वाद नाही. पण ते शेतातून का गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, तेही तिथे लिहा.) आठवड्याभरात पायांच्या बोटांत चिखल्या होतात, रात्री त्यांची आग झोपू देत नाही. कोकणपट्टीतल्या भातखाचरांत लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा धोकाही असतो, आणि तापाने फणफणलेली बाई दुसऱ्या दिवशी चिखलात उतरते कारण रोपं थांबत नाहीत.

यानंतर बेणणी म्हणजे तण काढणं, मग कापणी, कडपं वाळवणं, भारे वाहणं, खळ्यावर झोडणी, वाऱ्यावर उफणणं, कणगी भरणं. आणि हे सगळं झाल्यावर स्वयंपाक. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या बिनपगारी कामात जाणारा वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. ज्या ताटाला आपण घरगुती, गावरान म्हणून जास्त पैसे मोजतो, त्या ताटात ही २८९ मिनिटं धरलेली नसतात.

आता हेच भात रसायनांशिवाय पिकवायचं म्हटलं, की काम आणखी वाढतं. तणनाशकाचा पंप जे तण अर्ध्या दिवसात जाळून टाकतो, तेच हाताने काढायला चार-चार बायकांना कित्येक दिवस वाकावं लागतं. पोत्यातल्या खताच्या जागी शेणखत टाकायचं तर ते डोक्यावरच्या पाटीतून बांधाबांधाने न्यावं लागतं. नांगरणीला पॉवर टिलर आला, झोडणीला काही ठिकाणी मळणीयंत्र आलं, पण लावणी आणि बेणणी बहुतेक हातावरच राहिली. यंत्र आधी पुरुषांच्या कामाला येतं आणि बायकांचं काम जिथल्या तिथे राहतं, हे मी माझ्याच आळीत पाहत आले आहे. जमिनीत विष जाऊ नये म्हणून जी किंमत द्यावी लागते, ती आज मुख्यतः बाईच्या कंबरेतून वसूल होते. सेंद्रिय तांदळाच्या पुडीवर हे छापलेलं नसतं, व्यापाऱ्याकडून मी ती अपेक्षाही धरत नाही. कलेकडून धरते. वस्तूत दडलेलं माणसाचं काम बाहेर काढून दाखवण्याची ताकद तुमच्या हातात आहे, ती वापरा असं माझं सांगणं आहे.

रानभाज्यांचंही तेच. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव पावसाळ्यात ठिकठिकाणी होतात, तिथली टेबलं पाहून डोळे निवतात. पहिल्या पावसाला येणारी शेवळं घ्या. ती शोधायला पहाटे रानात जायचं, साफ करताना हातांना खाज सुटते, भाजीत काकडाची फळं घातली नाहीत तर घशालाही सुटते. हे ज्ञान आणि ही खाज दोन्ही एकाच बाईची. छायाचित्रात ज्ञान येतं, खाज येत नाही.

वारली चित्रांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. अन्नाचा विषय निघाला की तुमच्या निमंत्रणपत्रिकांवर, कापडी पिशव्यांवर, तांदळाच्या पुड्यांवर हीच माणसं फेर धरून असतात. ही चित्रं मुळातच अन्नाच्या कामाची आहेत. भिंतीवर शेणमाती आणि गेरूचा हात फिरवायचा, तांदळाच्या पिठाचं पांढरं करायचं, बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याने लिहायचं. चित्रातला पांढरा रंग म्हणजे कुणीतरी लावलेलं, कापलेलं, कांडलेलं भात. धान्याची देवी कणसरी, लग्नाच्या चौकातली पालघट, तारपा वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत गेलेला नाच, आणि मधल्या जागेत लावणी, कापणी, मळणी, मासे धरणं, ताडावर चढणं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून शरीर होतं आणि ते टोक म्हणजे कंबर. लावणीच्या चित्रात सगळ्या आकृत्या बरोबर त्या टोकातून वाकतात. शरीराचा कुठला सांधा दिवसभर दुखतो, ते ठाऊक असलेल्या माणसांनी ही आकृती घडवली आहे, असं मला ती शिकवताना दर वेळी वाटतं.

लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या बायका, गात. हे काम बायकांचं होतं. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी या भागात कागद आणि रंग आणले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची प्रतिभा जगाला दिसली. मासेमारीच्या जाळ्याची त्यांची चित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जाळं विणणाऱ्याचा धीर म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागणार नाही. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारी त्यांचं काम लागलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. चित्र भिंतीवरून कागदावर आलं, कागदावरून बाजारात गेलं, आणि लिहिणारा हात बहुतांशी पुरुषाचा झाला. आता मुली पुन्हा काडी हातात घेत आहेत, माझ्या वर्गातही घेतात. तरी काम दालनात शिरताना बाई उंबऱ्याबाहेर राहते, हे एकदा घडून गेलेलं आहे. अन्नावरच्या प्रदर्शनांत ते पुन्हा घडू नये.

या चित्रांतल्या माणसांना सदा आनंदात नाचणारी म्हणून दाखवणं मला सहन होत नाही, त्याला कारण आहे. त्यांच्या पणजोबांना इथल्या जमीनदारांकडे वेठ करावी लागत होती. मे १९४५ मध्ये झरीला वारल्यांनी यापुढे वेठ करणार नाही असं ठरवलं. किसान सभेचे श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. मग गवतकापणीच्या मजुरीचा लढा आला. इथलं गवत कापून गुरांच्या चाऱ्यासाठी मुंबईच्या बाजारात जायचं, म्हणजे शहराच्या दुधामागेही हेच हात होते. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, एवढी ती मागणी. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. पाचशे पौंड आणि अडीच रुपये हे दोन आकडे एकत्र वाचले की कामाचं ओझं आणि त्याचं मोल दोन्ही डोळ्यांपुढे उभी राहतात. तुमच्या पाट्यांवर मला असे आकडे हवे आहेत.

त्याच सुमाराला, डिसेंबर १९४६ मध्ये, बंगालमधल्या रंगपूर भागात सोमनाथ होर नावाचा तरुण चित्रकार वही घेऊन बटाईदारांच्या गावांत फिरत होता. तेभागाचा लढा चालू होता. पिकाचे दोन हिस्से कसणाऱ्याला आणि एक मालकाला, ही मागणी. त्या वहीत कापणी करणारी, सभेला बसलेली, भात आपल्या खळ्यावर वाहून नेणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या चित्रांसोबत ती काय मागत होती तेही आहे. श्रमाचं चित्र काढावं तर असं, असं मी माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांना सांगते.

याच्या उलट उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला आदिवासी शेतकऱ्यांचा मोर्चा सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आला. सोललेल्या, फोड फुटलेल्या तळव्यांची छायाचित्रं घराघरांत पोचली. मुंबईकरांनी पाणी दिलं, खाणं दिलं, चपला दिल्या, ते मी कधी विसरणार नाही. पण ही माणसं कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागत होती, २००६ च्या कायद्याने दिलेला आणि कागदावर अडकलेला. तळवे सगळ्यांच्या लक्षात राहिले, सातबारा राहिला नाही. छायाचित्राशेजारी ती मागणी लिहिलेली असती तर तीही लक्षात राहिली असती, असा माझा विश्वास आहे.

आता तुमच्या हंगामाबद्दल. तुमचे महोत्सव नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतात. हवा बरी असते, पाहुणे येतात, हे मी समजते. याच महिन्यांत आमच्या वाड्या रिकाम्या असतात. भात कापून खळ्यावर आलं, दिवाळी झाली की वारली आणि कातकरी कुटुंबं अंगावर घेतलेली उचल फेडायला भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन. माझ्या वर्गातली बाकं तेव्हा अर्धी होतात. म्हणजे लावणीच्या चित्रापुढे तुम्ही दिवा लावता, तेव्हा ती लावणी केलेली बाई तिथून तासाभराच्या अंतरावर विटांची माती मळत असते. शेतीवर तिचं वर्ष निघत नाही म्हणून ती तिथे असते. याच मुलखात, जव्हारच्या वावर-वांगणीत, १९९२ साली कुपोषणाने मुलं दगावली. पिकवणाऱ्याच्या घरी अन्न पुरत नाही, ही गोष्ट बाजूला ठेवून स्थानिक अन्नाचा उत्सव मांडता येत नाही. निदान मला येत नाही.

यावर कुणी म्हणेल की श्रमाचं सौंदर्य दाखवू नये का? दाखवावं. पण त्यातून वाकलेल्या पाठीचा लोभ जडू नये. जात्यावरच्या ओव्यांचं बघा. पहाटे दळताना बायकांनी जे रचलं, ते मराठीतलं माझ्या मते सर्वांत थोर सामूहिक काव्य आहे, आणि ते अन्न तयार करण्याच्या कामातूनच आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्याखेड्यांत जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, आणि गाणारीचं नाव व गाव त्यांना जोडून ठेवलं. पारी या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने पुढे त्या लोकांपर्यंत आणल्या. ओवी जिची, तिचं नाव तिच्यापाशी. गिरणी आली, जातं थांबलं, गाणं विरळ झालं. याची हळहळ मलाही वाटते. पण ज्यांनी दोन-दोन पायल्या दळल्या, त्यांपैकी एकही बाई मला जातं परत आणा म्हणालेली नाही.

लावणीचंही उद्या असंच होईल आणि व्हावं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर टोकणी करून भात घेण्याची सगुणा पद्धत रुजवली आहे. चिखलणी नाही, लावणी नाही. त्यात तणनाशकाचा प्रश्न आहे आणि त्यावर माझी शंका कायम आहे. पण ही पद्धत पाहून आलेल्या शेजारणीने पहिला शब्द उच्चारला तो कंबरेबद्दल. चिखलात ओळीने वाकलेल्या बायका हे तुमच्या प्रदर्शनांचं सर्वांत आवडतं दृश्य आहे. ते दृश्य नाहीसं होणं ही त्या बायकांना मिळालेली सुटका असू शकते, याला तुमच्या मांडणीत जागा हवी. तण हाताने काढायचं नाही आणि विषही टाकायचं नाही, तर मग काय, हा प्रश्न शेतकरी, शास्त्रज्ञ आणि बायका मिळून सोडवतील. चित्रकाराने तो नुसता नीट विचारला तरी मोठं काम होईल. बेणणीचा एक दिवस आणि फवारणीचा एक दिवस शेजारी शेजारी मांडलेलं प्रदर्शन मला बघायचं आहे.

आणि ते कुठे लावायचं, याचा रस्ता आधीच कुणीतरी घालून दिला आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेल्या छायाचित्रांचं, कष्टकरी बायकांच्या कामावरचं प्रदर्शन कारखान्यांच्या दारांत, बस आणि रेल्वे स्थानकांवर, शेतमजुरांच्या मेळाव्यांत लागलं आणि लाखो लोकांनी पाहिलं. ज्यांची छायाचित्रं, त्यांच्यासारख्याच बायकांनी ती उभ्या उभ्या, डोक्यावर ओझं असताना बघितली. आमच्या डोंगरातली एकही बाई तुमच्या दालनात आलेली मी पाहिलेली नाही. काचेच्या दाराशी उभ्या पहारेकऱ्याला काय सांगायचं, हेच तिला कळणार नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे ते सांगते. अन्नावरच्या प्रत्येक चित्राच्या, छायाचित्राच्या, मांडणशिल्पाच्या पाटीवर काम करणारीचं नाव लिहा, अर्थात तिची संमती घेऊन. ती नको म्हणाली तर तिने सुचवलं ते लिहा. नावाखाली काम लिहा: लावणी, दिवस किती, तास किती, मजुरी किती, आणि घरच्या शेतात केलेलं असेल तर मजुरी शून्य, असं स्पष्ट. शेजारी त्या वर्षीचा रोजगार हमीचा दर लिहा. २०२५–२६ साठी महाराष्ट्रात तो दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. तुमच्या महोत्सवात गावरान जेवणाचं तिकीट असेल, तर त्या तिकिटावरही हा आकडा छापा आणि तिकिटातले किती रुपये पिकवणारीकडे व किती रांधणारीकडे गेले तेही छापा. येणारी माणसं समजूतदार असतात. त्यांना हिशेब आवडेल.

भाकऱ्या थापायला, दळून दाखवायला किंवा चौक लिहून दाखवायला बायकांना बोलवता, तेव्हा त्यांना कलावंताचा दर द्या आणि तो आधी ठरवा. शाल-श्रीफळाने बुडालेली मजुरी भरून येत नाही. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत बोलावू नका. मातीचा गिलावा करणारी, सुपं विणणारी, कणगी बांधणारी माणसं तुमच्या दालनात दोन-दोन आठवडे उभारणीचं काम करतात. त्यांची नावं क्युरेटरच्या नावाच्या भिंतीवरच असू द्या, त्याच आकाराच्या अक्षरांत.

आणि चित्रात काय असावं, ते चित्र काढणाऱ्यांना ठरवू द्या. तुमच्याकडून येणाऱ्या मागणीत तारपा असतो, लग्न असतं, झाडं आणि मोर असतात. वारली काडीने वीटभट्टी लिहिता येते. उचल देणारा मुकादम लिहिता येतो, रेशनच्या दुकानापुढची रांग लिहिता येते, गिरणी आल्यावर मोकळी बसलेली आजी लिहिता येते. माझ्या विद्यार्थ्यांनी हे सगळं लिहिलेलं आहे. एका मुलीने लावणीच्या चित्रात प्रत्येक बाईच्या डोक्यावर तिला मिळालेले रुपये मांडले, आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर मांडायला तिला आकडा सापडेना, म्हणून ती वर्गात विचारत फिरली. असं चित्र तुमच्याकडे विकलं जाणार नाही असं मला सांगण्यात आलं. विकू नका, पण भिंतीवर लावा.

पुढचं प्रदर्शन मुंबईत भरवण्याआधी आमच्याकडे भरवा, ही शेवटची विनंती. वैशाखाच्या शेवटी राब भाजून झालेले असतात, भट्ट्यांवरची माणसं परत आलेली असतात आणि मृगाला अजून थोडे दिवस असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी सगळ्या वाड्यांतून लोक येतात. शाळेच्या भिंती आहेत, पंचायतीचं पटांगण आहे, एसटीच्या थांब्याची शेड आहे. पाट्यांवरचा मजकूर आम्ही आणि तुम्ही मिळून लिहू, आणि जिचं नाव आहे तिला तो आधी वाचून दाखवू. चुकलं असेल तर ती तिथेच सांगेल. त्यासाठी तुमच्यापैकी दोघा-चौघांनी होळीनंतर एकदा येऊन जावं. तारीख कळवलीत तर चित्रकार, लावणीला जाणाऱ्या बायका आणि मी, आम्ही सगळे हजर राहू.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका आणि भातशेतकरी
पालघर जिल्हा